केरळहून सायकलवर येणारं जोडपं दोन रात्री ठाण्यात आमच्याकडे उतरतंय, नेमकी काय तयारी ठेवू?

मानपाड्याची_सून:

नमस्कार मंडळी. कोझिकोडहून काश्मीरला सायकलने निघालेलं एक तरुण जोडपं पुढच्या आठवड्यात आमच्याकडे दोन रात्री मुक्कामाला आहे. थेट ओळख काहीच नाही, ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन आला आणि आम्ही हो म्हटलं. कोकणातून 66 नंबरच्या महामार्गाने पनवेलला येतील, पुढे नाशिक, धुळे, इंदूर. आमचं घर मानपाड्याला, नवव्या मजल्यावर. घरात सायकल चालवणारं कोणी नाही. सासूबाईंची यादी पुरणपोळीपासून कोंबडीवड्यांपर्यंत गेली आहे आणि नवऱ्याला त्यांना येऊर, उपवन, मासुंदा सगळं दाखवायचं आहे. मला मात्र साध्या गोष्टी कळत नाहीयेत. सायकली कुठे ठेवायच्या? जेवण किती करायचं? पनवेलहून कुठल्या रस्त्याने या म्हणून सांगू? सोसायटीत काय कळवायचं? अजून काही राहत असेल तर तेही सांगा.

ऐरोलीकर:

आधी रस्ता सांगतो, कारण तिथेच पाहुण्यांचे सगळ्यात जास्त हाल होतात. मोबाइलचा नकाशा कारच्या पर्यायावर असेल तर तो त्यांना कळंबोलीहून तळोजा, शीळफाटा, मुंब्रा बायपास असा पाठवणार. अंतर कमी दिसतं, पण तो न्हावाशेवा बंदराच्या कंटेनर ट्रेलरांचा रस्ता आहे. बायपासला चढ आहे. लादलेली सायकल तिथे ताशी सात-आठच्या वेगाने चढते आणि बाजूने चाळीस फुटी ट्रेलर जातो. त्यांना तिकडे अजिबात पाठवू नका.

पळस्पे फाटा, पनवेल, कळंबोली, मग सायन–पनवेल महामार्गाने खारघर, बेलापूर, नेरूळ, आणि तुर्भ्याला ठाणे–बेलापूर रस्ता पकडायचा. महापे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा, विटावा, कळवा नाका, कळव्याचा पूल, कोर्ट नाका, माजिवडा, मानपाडा. पळस्प्यापासून साधारण 45 ते 50 किमी होतील. कंपन्यांच्या शिफ्टची वेळ टाळली तर सामानासकट साडेतीन-चार तास धरा. उड्डाणपूल लागले तर वर न चढता खालून यायचं, सिग्नल लागले तरी चालेल. पावसाळ्यात विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं, नोव्हेंबरात तो प्रश्न नाही.

पनवेलला ते दुपारी दोनच्या आत पोचले तरच त्याच दिवशी ठाण्याला बोलवा. सहाला सूर्य मावळतो, आणि कळवा ते माजिवडा संध्याकाळी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. उशीर होत असेल तर पनवेलला लॉज घेऊन सकाळी या म्हणावं. हे त्यांना तुम्हीच आधी सांगायला हवं. ‘ते लोक जेवायला थांबलेत’ या संकोचापायी पाहुणे अंधारात सायकल हाणतात.

वडखळहून अलिबागकडे वळायचा त्यांचा विचार असेल तर मांडव्याहून रो-रो बोटीने सायकलसकट भाऊच्या धक्क्याला उतरता येतं. पण तिथून ईस्टर्न फ्रीवेवर चढायचं नाही, दुचाकींना बंदी आहे. पी. डिमेलो रोड, आंबेडकर रोड, सायन, आणि मग एलबीएस मार्गाने सरळ तीन हात नाका.

दुप्पट_भात:

ताई, सासूबाईंना म्हणावं यादी छान आहे, पण दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. पहिल्या रात्री साधं जेवण भरपूर लागतं. सामान लादून दिवसाला 80-100 किमी चालवणाऱ्या माणसाची भूक आपल्या अंदाजात बसत नाही, आणि पाहुणा लाजून दोन पोळ्यांवर थांबतो. दोघांसाठी मिळून तांदूळ 400 ग्रॅम, डाळ 150 ग्रॅम, पोळ्या दहा-बारा, बटाट्याची भाजी अर्ध्या किलोची, दही अर्धा लिटर, वर अर्धा डझन केळी. उरलंच तर सकाळी फोडणीचा भात होतोच. पातेली टेबलावर ठेवून त्यांना हाताने वाढून घेऊ द्या. आग्रहापेक्षा त्याने जास्त पोटात जातं. दुसऱ्या रात्रीही झणझणीत रस्सा, तळण आणि श्रीखंड असं एका ताटात नको. पोट बिघडलं तर सकाळी ते तुमच्या घरी नसतात, महामार्गावर असतात. मांसाहार करतात का, कशाची ॲलर्जी आहे का, हे फोनवरच विचारा.

दारात आल्या आल्या पाणी आणि काहीतरी खारट-गोड द्या. सरबत चालेल, किंवा एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मग आंघोळ. गीझर आधीच लावून ठेवा, दोघांच्या आंघोळीला वेळ लागतो, अंगावरचं सनस्क्रीन आणि धूळ पहिल्या बादलीत जात नाही. चौकशा जेवणानंतर.

कपडे लगेच मशीनला लावायला मागा. त्यांच्याकडे दोन-तीनच जोड असतात. सायकलच्या चड्डीला आत जाड पॅड असतो. ती उलटी करून, गार पाण्यात, साधी पावडर. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव नको, त्याचा थर बसून पॅड घाम शोषत नाही आणि मांड्या सोलवटतात. पॅड रात्रभरात वाळत नाही, म्हणून पंख्याखाली आतली बाजू वर करून टाका. दोन रात्रींपैकी पहिल्याच रात्री धुणं उरका.

चार खाचांचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यांच्या खोलीत ठेवा. दोन फोन, दिवे आणि पॉवर बँक. वीस हजार एमएएचची बँक साध्या दहा वॉटच्या चार्जरवर आठ-नऊ तास खाते, म्हणून रात्री नऊला लागली तरच पहाटे भरलेली मिळते.

सोसायटीचं सोपं आहे. सेक्रेटरींना एक मेसेज, गेटवर दोन नावं. गेटच्या ॲपवर कोड पाठवलात तर तो त्यांच्या फोनवर पोचला का ते विचारा. लोकेशन पाठवताना पिन मुख्य गेटवर आहे ना बघा, पुष्कळदा ती मागच्या भिंतीला पडते आणि चाळीस किलोची सायकल घेऊन माणूस गल्ली फिरत बसतो. आधारची प्रत सोसायटी मागत असेल तर तसं आधी कळवा. (परदेशी पाहुणे असते तर यजमानाने 24 तासांच्या आत एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर नोंद करायची असते. इथे लागू नाही, पण धागा वाचणाऱ्यांसाठी.)

आणि फोटो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमच्याकडे आलेले पाहुणे, उद्या अमुक वाजता अमुक रस्त्याने निघणार’ असं टाकू नका. फोटो ते गेल्यावर, त्यांना विचारून. येऊर राहू द्या. त्यांचा विश्रांतीचा दिवस एटीएम, औषधं, सायकलची कामं आणि दुपारची झोप यात संपतो. फार तर संध्याकाळी मासुंद्याला चक्कर, तीही गाडीने.

तेल_आणि_चेन:

सायकली नवव्या मजल्यावरच न्या, स्टिल्टला (इमारतीखालच्या पार्किंगला) नको. कुलूप फोडून सायकल नेली नाही तरी लहान मुलं गिअर खटाखट फिरवतात आणि सकाळी चेन भलतीकडेच असते. आधी सगळ्या बॅगा उतरवायच्या, मग सायकल मागच्या चाकावर उभी करून लिफ्टमध्ये. सायकल पावणेदोन मीटर लांब, आडवी मावत नाही. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) उजव्या बाजूला असतो, तो भिंतीला टेकू द्यायचा नाही. वाकला की गिअर सगळेच चुकतात. पॅसेजमध्ये खाली जुने खोके पसरा, नाहीतर चेनचं तेल फरशीला लागेल.

चेन धुवायला त्यांना जागा आणि वस्तू द्या, काम त्यांचं त्यांना करू द्या. जुना टूथब्रश, फडकी, वाटीभर रॉकेल किंवा डिझेल (पेट्रोल नको, घरात तर मुळीच नको). कोकणातून येणाऱ्या चेनमध्ये लाल माती तेलात कालवून बसलेली असते, वरून पुन्हा तेल सोडलं तर ती पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून आधी धुणं, पूर्ण वाळवणं, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब आणि बाहेरचं तेल पुसून टाकणं.

घरात स्टीलची फूटपट्टी असेल तर चेन मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून बारा इंच मोजा. नव्या चेनची पिन बरोबर बारावर येते. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ, आठवा भाग गेली असेल तर मागचे दातेही खाल्ले गेलेत. ठाण्यात, नवी मुंबईत गिअरच्या सायकलींची दुकानं आहेत, दहा-अकरा स्पीडची चेन मिळते. शहापूरच्या पुढे गावातल्या दुकानात साध्या सायकलची जाड चेन मिळेल, ती यांच्या गिअरवर बसत नाही. ट्यूबचंही तसंच, 700 मापाच्या दोन-दोन जादा इथूनच घेऊ द्या. त्यांनी काही ऑनलाइन मागवलं असेल तर पत्त्याबरोबर मोबाइल नंबर तुमचा द्यायला सांगा, ओटीपी तुमच्याकडे यायला हवा.

कॅरिअरचे बोल्ट कंपनाने ढिले होतात, एक पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो तुटून आत अडकतो. एम5, 16 मिमीचे स्टीलचे चार बोल्ट कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतील. काही द्यायचंच असेल तर हे द्या. भेटवस्तू म्हणाल तर मिठाईचे खोके, शाल, गणपतीची मूर्ती, सगळं ते कसाऱ्याच्या घाटात ओढणार आहेत.

टायरला आतून फडकं फिरवायला सांगा. महामार्गावरचं पंक्चर पुष्कळदा खिळ्याने नसतं, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या तारेने असतं. ट्यूब बदलली तरी तार टायरमध्येच राहते आणि दहा किमीवर पुन्हा हवा जाते. फडकं अडकेल तिथे चिमट्याने उपटायची. बोट फिरवू नका.

मानपाड्याची_सून:

एवढं सगळं! सासूबाईंना वाचून दाखवलं, दुप्पट भात त्यांना एकदम पटला. दोन गोष्टी राहिल्या. नाशिककडे निघताना वाट कुठली? आणि दिरांचा टेम्पो आहे, घाट संपेपर्यंत सोडू का? सोबत डबा काय देऊ?

घाटपायथा:

टेम्पोचं आधी विचारा, गृहीत धरू नका. कन्याकुमारी ते काश्मीरवाल्यांपैकी बऱ्याच जणांना मधला एक किलोमीटरही गाडीत बसायचं नसतं, आणि यजमानाने टेम्पो दारात उभा केला की नाही म्हणणं अवघड होतं. हो म्हणाले तर माजिवडा ते वडपे एवढा टप्पा पार करून द्या, खरा त्रास तेवढाच आहे. घाट त्यांना चढू द्या. टेम्पोत सायकल उभी, फ्रेमला दोरी, चाकाच्या आऱ्यांना किंवा ब्रेकच्या चकतीला नाही. दोन सायकलींच्या मध्ये जुनी चादर.

सायकलनेच जाणार असतील तर दिवे लावून साडेपाचला घर सोडायचं. कापूरबावडी, माजिवडा, खारेगाव, मानकोली, वडपे, पडघा. बाळकूम–कशेळी–काल्हेर हा जवळचा दिसेल, पण तो गोदामांचा रस्ता आहे, अरुंद आणि ट्रकांनी भरलेला. समृद्धी आमण्याला सुरू होतो, नकाशा तिकडे वळवेल. तिथे दुचाकीलाच परवानगी नाही, सायकल दूर राहिली.

इगतपुरी साधारण 95 ते 100 किमी आहे आणि घाट शेवटी येतो, दुपारच्या उन्हात, सकाळभर दमल्यावर. मी तरी पहिला मुक्काम खर्डीला सुचवेन आणि घाट दुसऱ्या दिवशी उजाडताच. खालीच पाणी भरून घ्यावं. चढावर एखादा मोटारसायकलवाला ‘चला, टोचन करतो’ म्हणून पायाने ढकलायला येईल, मन चांगलं असतं, पण लादलेली सायकल त्याने लगेच आडवी होते. हात जोडून नको म्हणायचं. राष्ट्रीय महामार्गावर काही झालं तर 1033, अपघात असेल तर 112 किंवा 108.

डब्यात दशम्या द्या, दुधात कणीक भिजवून केलेल्या, दोन दिवस टिकतात. थालीपीठ त्याच दिवशी दुपारपर्यंत. गूळ-शेंगदाण्याचे लाडू आठ-दहा. भात किंवा ओली चटणी नको. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्टीलचा डबा नको, तो परत कसा पाठवायचा या विचाराने ते हैराण होतील. माणशी 400 ग्रॅमच्या वर जाऊ नका. पहाटे निघताना पोहे द्याल तर शेंगदाणे आणि बटाटा घालून, नुसते पोहे पडघ्यापर्यंतही पुरत नाहीत. आणि ओवाळणं, नारळ, फोटो असलं सगळं आदल्या रात्री आटपून घ्या. निरोपात आठ वाजले की मानकोलीला गोदामांची गर्दी त्यांच्याच अंगावर येते.