आईच्या गुडघ्याची झीज, ग्रेड ३: चालायचं की पलंगावर बसायचं?

महालची_लेक
नमस्कार मंडळी. आईच्या (वय ५८, वजन ७४ किलो, उंची १५५ सेंमी) दोन्ही गुडघ्यांचा उभ्याने एक्स-रे काढला. उजवा ग्रेड ३, डावा ग्रेड २, झीज आतल्या बाजूला जास्त. डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस सांगितला आणि लावायचं जेल, कॅल्शियम व 'फिजिओथेरपी करा' एवढं लिहून दिलं. शुगर आणि बीपीच्या गोळ्या सुरू आहेत. घर नागपूरच्या महाल भागात दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही, संडास इंडियन. शेजारचे सांगून राहिले की चालणं बंद करा, नाहीतर उरलंसुरलं ग्रीसही संपेल. एक काकू म्हणतात इंजेक्शन घेऊन टाका, दुसऱ्या म्हणतात आत्ताच ऑपरेशन करा. रिपोर्ट आल्यापासून आई उठायलाच घाबरते. व्यायाम नेमका कोणता, किती? खाली बसणं सोडायचं का? जाणकारांनी सांगा जी.

धरमपेठ_फिजिओ
चालायचं. आधी ग्रेडचा बाऊ कमी करू. ही ० ते ४ ची केलग्रेन-लॉरेन्स मोजपट्टी १९५७ सालची आहे. २ म्हणजे हाडांच्या कडांना टोकं फुटलेली, ३ म्हणजे दोन हाडांतली फट नक्की कमी झालेली, ४ म्हणजे फट जवळजवळ संपलेली. दुखणं या आकड्याप्रमाणे वाढतंच असं नाही. ग्रेड २ चा माणूस लंगडतो आणि ग्रेड ४ चा भाजीबाजार करून येतो, हे सर्रास दिसतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीला, स्वतःच्या नसा नसतात. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि आजूबाजूचं. कूर्चेत रक्तवाहिन्याही नसतात. दाब पडतो-सुटतो तेव्हा सांध्यातलं पाणी आत-बाहेर होतं, त्यावरच ती जगते. पलंगावर बसून ग्रीस वाचत नाही, उलट मांडी वाळते आणि पायरीचा सगळा धक्का सांध्यावर येतो.

व्यायाम चार पुरेत. दहा-बारा प्रकारांचा कागद दिला की आठवड्यात सगळंच सुटतं.

पहिला: पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्याने ती खाली दाबायची, ५ अंक मोजायचे, सोडायचं. १० वेळा. तळहात वाटीच्या वर, आतल्या बाजूला ठेवा. तिथला स्नायू कडक झाला तरच व्यायाम झाला. बरेच जण मांडीऐवजी कुल्ला आवळतात आणि श्वास कोंडतात. बीपी आहे, म्हणून अंक मोठ्याने मोजायला लावा, श्वास आपोआप सुटा राहतो.

दुसरा: उताणं झोपून डावा पाय गुडघ्यात दुमडलेला, उजवा सरळ. आधी गुडघा ताठ करायचा, मग पाय फूटभर उचलायचा, ५ अंक थांबून हळू खाली. उचलताना गुडघा किंचित जरी वाकला तरी काम जांघेचा स्नायू करतो आणि हवा तो बसून राहतो. नंतर पाय बदलायचा.

तिसरा: कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणे. टाच थोडी मागे, बोटं समोर. बोटं छताकडे वळली की चुकलं. हा कमरेच्या बाजूच्या स्नायूसाठी आहे. तो कमजोर असला की चालताना शरीर हेलकावे खातं.

चौथा सगळ्यात कामाचा: खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची ४५ ते ५० सेंमी उंच हवी, कमी असेल तर सतरंजीची घडी घाला. पावलं थोडी मागे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकून उठायचं. बसताना ३ अंक मोजत, धपकन नाही. गुडघे एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत. सुरुवात ५ वेळा, दोन फेऱ्या.

पहिले तीन रोज, १० च्या दोन फेऱ्या. खुर्चीचा एक दिवसाआड. दुखणं ० ते १० मध्ये मोजा. करताना ४ पर्यंत गेलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं, किंवा सूज आली, तर संख्या एक तृतीयांश कमी करा. बंद करू नका. फरक कळायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि लोक नेमके तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

चालणं सलग अर्धा तास नको, १० मिनिटांचे तीन तुकडे. सपाट रस्ता बघा, फुटाळा तलावाच्या काठासारखा. सेमिनरी हिल्सचा उतार सध्या नको. उतरताना वाटीवर दाब जास्त येतो. मे महिन्यात सकाळी साडेसहाच्या आत आटपा.

सदरचा_केमिस्ट
जेलबद्दल सांगतो, कारण 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांपैकी अर्धेअधिक ते वाटाण्याएवढं लावतात. डायक्लोफिनॅकचं जेल एका गुडघ्याला २ ते ४ ग्रॅम, दिवसातून ३-४ वेळा लागतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापर्यंत काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. म्हणजे एका गुडघ्याला किमान चार पट्ट्या. दोन्ही गुडघ्यांना २-२ ग्रॅम, तीन वेळा, म्हणजे दिवसाला १२ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपते! महिनाभर पुरली तर औषध लागलंच नाही समजा. नुसतं वाटीवर नाही, वाटीच्या सभोवतीही लावा. तासभर धुऊ नका. त्यावर गरम पिशवी किंवा घट्ट पट्टा नको.

शेक द्यायचाच तर जेलच्या वेळा सोडून १५ मिनिटं. आखडलेपणाला गरम, सुजेला थंड, मध्ये टॉवेल ठेवून. शुगरमुळे पायाची जाणीव कमी असेल तर पाणी आधी दुसऱ्याने हाताने तपासायचं. तेल चोळायला हरकत नाही, बरं वाटतं. गादी मात्र त्याने भरून येत नाही. कॅल्शियम हाडासाठी आहे, झीज त्याने थांबत नाही.

आता महत्त्वाचं. काउंटरवरून दुखण्याच्या गोळ्या आणून सुरू करू नका. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन किंवा तसलं काही आणि सोबत लघवी वाढवणारं औषध असेल, त्यात ही तिसरी गोळी पडली की किडनीवर ताण येतो. नागपूरच्या ४५ अंशांत अंगातलं पाणी आधीच कमी, तेव्हा तर जास्तच. पोटात अल्सरचा धोका वेगळा. डॉक्टरांनी दिली तर कमीत कमी दिवस, जेवणानंतर, आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून.

इंजेक्शन दोन जातीची असतात, काकूंना कोणतं ते विचारा. स्टेरॉईडने आराम मिळतो, पण काही आठवड्यांपुरता, आणि शुगर काही दिवस चढते. घ्यायचंच झालं तर घरी ग्लुकोमीटर हवा. दुसरं 'वंगणा'चं, हायलुरॉनिक ॲसिडचं. ते महाग आहे आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत 'देऊ नये' असंच म्हटलंय. ग्लुकोसामीनच्या डब्यांबद्दलही तिथे तेच.

रेलिंग_आणि_टाइल्स
घरातलं मी सांगतो. खाली बसणं बंद म्हणजे बंद, कायमचं. आधी संडास. सर्जिकलच्या दुकानात कमोड स्टूल भेटते, इंडियन भांड्यावर ठेवायचं. घ्यायच्या आधी चारही पाय वर-खाली होणारे आहेत का बघा, कारण पुढचे पाय पावलं ठेवायच्या उंचवट्यावर येतात आणि मागचे उतारावर. चारही सारखे ठेवले तर ते डुगडुगतेच. खालचे रबरी बूट झिजले की ओल्या टाइलवर सरकते, तेव्हा ते आधी बदला.

भिंतीला दांडा लावा, पण टाइलच्या सांध्यात ड्रिल नको, आणि स्क्रू नुसत्या टाइलमध्ये नाही, विटेत गेला पाहिजे. ॲंकर फास्टनर वापरा. टॉवेलच्या रॉडला धरून उठणारे लोक रॉडसकट खाली येतात बाप्पा!

जिना: चढताना चांगला पाय आधी, म्हणजे आईचा डावा. उतरताना दुखरा आधी. एक-एक पायरी, दोन्ही पाय एकाच पायरीवर आणून. कठडा एका हाताला, काठी दुसऱ्या. दिवसातल्या फेऱ्या मोजा. दूध, भाजी, दळण एकाच खेपेत, नाहीतर वरून दोरीला थैली सोडा, महालात ते काही नवीन नाही.

सपाटीवर काठी डाव्या हातात धरायची, उजव्या गुडघ्याच्या उलट बाजूला, आणि उजव्या पायाबरोबरच पुढे टाकायची. बहुतेक जण दुखऱ्याच बाजूला धरतात, म्हणून उपयोग होत नाही. उंची: चप्पल घालून सरळ उभं राहून हात सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे.

धरमपेठ_फिजिओ
'कायमचं बंद' हे मला पटत नाही, दादा. मांडी घालून पाच मिनिटं आरती केल्याने गुडघा संपत नाही. त्रास होतो तो तासभर बसण्याने आणि मग जमिनीवरून जोर लावून उठण्याने. दुखणं भरात असेल तेव्हा टाळा. विळी, जमिनीवरचं पोळपाट, कपडे आपटणं हे ओट्यावर किंवा स्टुलावर न्या. उकिडवं बसणं मात्र नकोच, त्यात गुडघा पूर्ण मिटून सगळं वजन त्यावर येतं.

रेलिंग_आणि_टाइल्स
आरती ठीक आहे जी. पण उठताना धरायला काहीतरी पक्कं पाहिजे, प्लास्टिकची खुर्ची नाही.

महालची_लेक
खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. वजनाचं काय? आणि घरी महालक्ष्म्या असतात, तीन दिवस आई उभीच असते, मागच्या वर्षी त्यानंतर पंधरा दिवस गुडघा सुजलेला होता. ऑपरेशनचाही अंदाज द्या.

हाडं_आणि_सांधे
वजनाचा हिशेब असा. लठ्ठ आणि गुडघ्याची झीज असलेल्या वयस्क लोकांवरच्या २००५ च्या एका अभ्यासात १ किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी झालेला दिसला. आईंचं बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३०.८ येतं. दहा टक्के, म्हणजे सात-साडेसात किलो, सहा महिन्यांत धरा. भात अर्धा करा, तेल महिन्याचं मोजून काढा; तर्री पोह्यांवरची तर्री आणि उपवासाचा साबुदाणा सगळा हिशेब बिघडवतात. डाळ, दही, अंडी कमी करू नका, नाहीतर चरबीबरोबर मांडीही उतरते. शुगरची गोळी कोणती आहे ते बघून डॉक्टरांना आधी सांगा, खाणं कमी झालं की काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाते.

महालक्ष्म्यांचं कारण एकच: एरवी दिवसाला दोन तास उभं राहणारा गुडघा अचानक दहा तास उभा केला. पुरणाचं वाटण, भाज्या चिरणं, लाडू आधीच्या चार दिवसांत, बसून आणि वाटून करा. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा. व्यायाम त्या तीन दिवसांत फक्त पहिला.

ऑपरेशन आत्ता नाही. व्यायाम, वजन, औषध हे सगळं नीट करूनही रात्री दुखून झोप मोडते, घरातल्या घरात चालणं अवघड होतं, तेव्हा त्याचा विचार. बदलून बसवलेला सांधा पुरतो चांगला. २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत २५ वर्षांनंतरही साधारण ८२ टक्के पूर्ण सांधे टिकून होते. किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा साधा कोबाल्ट-क्रोमियम सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला होता, दर नंतर बदलतात. बिलात सांध्याची ओळ वेगळी मागा, त्याचा स्टिकर फाइलला लावून घ्या. 'दुर्बिणीने आतून साफ करू' म्हटलं तर नाही म्हणा: २००२ मध्ये ह्यूस्टनला १८० रुग्णांवर ते तपासलं, नुसते काप देऊन टाके घातलेल्यांना तेवढाच आराम पडला.

फिजिओसाठी पैसे अडत असतील तर मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजची) फिजिओथेरपी ओपीडी आहे, पहिल्यांदा व्यायाम तिथे बघून घ्या.

कशासाठी वाट बघत थांबायचं नाही: गुडघा गरम-लाल होऊन ताप, गुडघा अडकून सरळच न होणं, किंवा पोटरी अचानक सुजून दुखणं. त्याच दिवशी दाखवा. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो आणि हातांची बोटंही सुजतात, तर हा वेगळा संधिवात असू शकतो, रक्ततपासणी लागते.

महालची_लेक
कमोड स्टूल बघून आले. बैठक ४० सेंमीवर आहे, भोकं दर इंचाला. आईच्या गुडघ्यामागच्या घडीपर्यंत ३९ सेंमी. चालेल?

रेलिंग_आणि_टाइल्स
कमी पडते. दोन भोकं वर घ्या, ४५ होईल. बसल्यावर टाचा टेकल्या पाहिजेत, अधांतरी राहिल्या तर एक भोक खाली. पाय सारखे करताना प्रत्येक पायाची खटकी पूर्ण बाहेर आली की नाही ते बोटाने दाबून बघा.