गोदाघाटावरचा प्लास्टिकचा मासा: समुद्राची काळजी नाशिकनं करायची का?

पंचवटीकर:
गाडगे महाराज पुलाजवळ एका कला महाविद्यालयाच्या मुलांनी प्लास्टिकचा मोठा मासा उभा केलाय. लोखंडी सळ्यांचा सांगाडा आणि पोटात नदीपात्रातून वेचलेल्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं. खाली फलक: ‘समुद्रातलं प्लास्टिक इथूनच निघतं.’ मुलांच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण विचार पटला नाही, म्हणून हा धागा.

गोदावरी त्र्यंबकपासून 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत नांदूर मधमेश्वरचा बंधारा, पुढे जायकवाडी, त्याच्याही पुढे कितीतरी धरणं. इथली पिशवी समुद्र बघण्याआधीच कुठंतरी गाळात रुतणार. 2021 साली नद्यांवर जो जागतिक अभ्यास आला, त्यातही किनाऱ्याजवळच्या शहरांतल्या छोट्या नद्यांवरच मोठा ठपका आहे. मग आपल्या मुलांनी समुद्राचं दुःख का मांडावं? नांदूर मधमेश्वर 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. ते आपल्या खालच्या अंगाला आहे आणि आपला कचरा आधी तिथं जातो. ते दाखवा ना! लांबचं दुःख दाखवलं की माणूस हळहळतो, फोटो काढतो आणि घरी जातो.

चित्रकलेच्या बाई:
काका, अजिबात पटलं नाही. असा मासा बघणाऱ्यांपेक्षा बनवणाऱ्यांना जास्त शिकवतो. आमच्या शाळेतल्या मुलांनी असंच काम वाघाडी नदीच्या काठी केलं होतं. बाटल्याच जास्त मिळतील असं त्यांना वाटत होतं, मिळाली ती पाकिटं. बाटलीला भंगारात भाव येतो, त्यामुळे कचरा वेचणाऱ्या मावशी ती आधीच उचलतात. पाकिटात मात्र वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं कुणाला परवडत नाही, म्हणून ते पडूनच राहतं. सातवीतल्या पोरांना हे हातानं वेचताना उमगलं आणि लगेच विचारलं, “मग कंपनी असलं पाकीट बनवतेच कशाला?” पुस्तकातला धडा वाचून हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.

आणि फोटोंना कमी लेखू नका. 2018 साली बेल्जियममधल्या ब्रुज शहरात कालव्यातून उसळणारा देवमासा उभा केला होता, पॅसिफिक महासागरातून काढलेल्या सुमारे पाच टन प्लास्टिकचा. त्या निमित्तानं तेवढं प्लास्टिक तरी पाण्याबाहेर आलं.

रंगवाला, अंबड:
मी रंगांच्या कारखान्यात काम करतो, त्यामुळे एक मुद्दा मांडतोच. पुलाखालच्या भिंतीवर मुलांनी जी चित्रं काढली आहेत ती ॲक्रिलिक रंगात आहेत. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. ऊन-पावसात त्याचे पापुद्रे सुटणार आणि नदीत जाणार. कार्यक्रमाच्या मागचा फ्लेक्स पीव्हीसीचा होता, 100 मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर 1 जुलै 2022 पासून देशभर त्यावर बंदीच आहे. विषय प्लास्टिकचा असेल तर साहित्य आधी तपासा. गेरू आहे, चुना आहे, कापडी फलक आहे.

सायखेड्याचा शेतकरी:
पंचवटीकर दादा, प्लास्टिक अडतं म्हणता, पण ते पुराच्या दिवसांत आमच्याकडे येऊन बघा. 2019 च्या ऑगस्टात गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, तेव्हा सायखेडा-चांदोरीत पाणी घुसलं होतं. पूर ओसरला की काठच्या बाभळींना शेंड्यापर्यंत चिंध्या लटकलेल्या असतात. पूर आला की बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात, आणि दरवाजे उघडले की पाणी प्लास्टिकसकटच पुढं जातं. जे मागं राहतं त्याचं उन्हानं पीठ होतं, ते कोणतं धरण अडवणार? शेतात पिकाच्या बुडाशी अंथरतात तो प्लास्टिकचा मल्चिंग पेपरसुद्धा असाच तुकडे होऊन ओढ्याला लागतो, त्यावर कुणी चित्र काढलेलं मी पाहिलं नाही. शहरातल्या मुलांनी एकदा टोमॅटोच्या वावरातही यावं.

घोटीवाला:
सगळे गोदावरीच धरून बसलेत. गोदावरी जिथं उगम पावते त्या ब्रह्मगिरीच्या डोंगररांगेतूनच वैतरणा निघते आणि ती अरबी समुद्राला मिळते. पेठच्या बाजूचं पाणी दमणगंगेत जातं, तीही पश्चिमेला दमणजवळ समुद्रात. त्यांच्यावरही धरणं आहेत, पण अंतर फार कमी. पावसाळ्यात धबधब्यांवर सहलीला येणारे जो खच टाकून जातात, त्याला समुद्र लांब नाही. मुलांनी दुसरा मासा इकडं घाटात उभा करावा.

पंचवटीकर:
घोटीवाल्यांचा मुद्दा बिनतोड. सायखेड्याच्या दादांचाही मानतो. तरी माझा मूळ आक्षेप जात नाही. बाई म्हणतात मुलं शिकली. शिकली असतील. पण फलक घाटावर येणाऱ्या गरीब यात्रेकरूकडे बोट दाखवतो, पाकीट बनवणाऱ्याकडे नाही. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकांची जबाबदारी लिहिलेली आहे, 2022 साली ती आणखी पक्की केली. कलेला एवढी ताकद आहे तर ती तिकडं लावा.

मासा बनवणाऱ्यांतली एक:
काका, फलकाचं मान्य, तो बदलतोय. रंगाचं आम्हाला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, पुढची चित्रं गेरू-चुन्यात करू. पण समुद्र सोडणार नाही. आमच्यातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि आपल्या गल्लीतलं पावसाळी गटार तिथवर जातं हे कळल्यावरच ती नदीत उतरायला तयार झाली. फक्त नदी स्वच्छ करा म्हटलं असतं तर कुणी आलं नसतं, कारण ते लहानपणापासून ऐकत आलोय. आता गटारांच्या चेंबरभोवती मासे रंगवायचे आहेत, सिडको आणि पंचवटीत.

मासा उतरवला की बाटल्या भंगारात जातील. पाकिटं आम्ही कंपनीनुसार वेगळी करतोय.

पंचवटीकर:
मग ती मोजा आणि यादी महापालिकेला लेखी द्या, पोच घ्या. 2027 च्या सिंहस्थात किती लोक येणार आणि किती पाकिटं पडणार याचा विचार आत्ताच व्हायला हवा. निवेदनावर सही करायला मी येतो. समुद्राबद्दल आपलं जमलेलं नाही, ते तसंच राहू दे.