मदत हवी आहे: ७५ लिटरच्या खाऱ्या टाकीत कोणते मासे एकत्र नांदतील?

नमस्कार मंडळी, टाकीचं सायकलिंग, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत रुजवणं, पूर्ण झालंय. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचं माप) १.०२५ वर स्थिर आहे. ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी नक्की. सोबत यलो वॉचमन गोबी हा मासा आणि पिस्टल श्रिम्प ही कोळंबी हवेत. कोळंबी बीळ खणते, गोबी पहारा देतो, ही भागीदारी मला फार बघायचीय!

अडलंय ते पुढच्या माशावर. फायरफिश शांत असतो, पण घाबरला की बाहेर उडी मारतो, म्हणजे जाळीचं झाकण लागणारच. रॉयल ग्रामा देखणा, मात्र स्वतःच्या कपारीवरून भांडतो. सिक्सलाइन रास बादच केलाय, लहान टाकीत तो इतरांना छळतो.

या दोघांतला कोणता घेऊ? की एवढ्या पाण्यात चौथा मासा नकोच? आणि क्लाउनफिश सगळ्यांत शेवटी सोडावेत का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.