क्रोमवरचे तांबडे ठिपके

जुन्या जीपच्या क्रोम बंपरवरचे गंजाचे तांबडे ठिपके पॉलिश पेपरने घासायला काही जण सांगतात, तसं कृपा करून कुणी करू नका. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंज अडवायचं खरं काम खालचं निकेल करतं. ते खरवडलं गेलं की संपलंच. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, ठिपका काळपट लगदा होऊन सुटतो. लगेच धुवा, पुसा, वॅक्स लावा. पावसाळ्यात खानापूर-चोर्ल्याकडे, म्हणजे बेळगावजवळच्या भरपावसाच्या भागात, गाडी जात असेल तर बंपरची आतली बाजूही कोरडी करा, तिकडे कुणी बघतच नाही!

थर फुगून सोलत असेल तर मात्र पुन्हा प्लेटिंगच, म्हणजे निकेल-क्रोमचा थर नव्याने चढवणं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बंपर टाकणार असाल तर आधी निकेल किती चढवणार ते विचारा, भाव नंतर.