मदत हवी आहे: पीएचपीत कॉन्स्टंट अचानक चालेनासा झालाय (अर्जंट)

उंटावरचा शहाणा:
आमच्या वाचनालयाची साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, कालपर्यंत नीट होती. आज विलंब शुल्काचं पान पांढरं फटक. एररच्या लॉगमध्ये 'अनडिफाइन्ड कॉन्स्टंट' येतंय, आणि तो कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या किमतीला दिलेलं नाव) कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलच्या, पहिल्याच ओळीत डिफाइन केलेला मला डोळ्यांनी दिसतोय! फाइल इन्क्लूड होतेय, तपासलं. कोडला कोणी हात लावलेला नाही. दहाला वाचनालय उघडतं. पटकन सांगा.

रिकामटेकडा:
पीएचपी कितवं? ती ओळ जशीच्या तशी टाका.

उंटावरचा शहाणा:
व्हर्जनचा काय संबंध? कॉन्स्टंट सगळ्याच व्हर्जनमध्ये असतात ना.

जुनं खोड:
कॉन्स्टंट बनवायला डिफाइन हे फंक्शन वापरूच नये. मी सगळीकडे त्याऐवजी 'कॉन्स्ट' हा शब्द लिहितो, एकदम स्वच्छ.

कोकणी मेवा:
@जुनं खोड, इफच्या अटीच्या आत कॉन्स्ट लिहून दाखवा. पार्स एरर, कोड चालतच नाही!

जुनं खोड:
इफ हवाय कशाला? किमतीतच टर्नरी (एका ओळीतली अट) लिहा, ५.६ पासून चालतं.

कोकणी मेवा:
आणि पासवर्ड गेटएन्व्ह फंक्शनने सर्व्हरच्या सेटिंगमधून आणायचा असेल तर? कॉन्स्टमध्ये फंक्शन कॉल चालत नाही. तिथे डिफाइनच लागतं, खोडसाहेब.

नवा गडी:
यापेक्षा एनम (ठराविक पर्यायांची यादी) वापरा ना, ८.१ पासून आलंय.

रिकामटेकडा:
दोन-चार रुपयांच्या दंडाला एनम? धागाकर्ते, ओळ टाका हो.

पाटीपेन्सिल:
गंमत म्हणून सांगते, पीएचपीत कॉन्स्टंटचं नाव चक्क देवनागरीत ठेवता येतं. मी 'दंडदर' असं ठेवलंय, मस्त चालतं. शिवाय आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही.

जुनं खोड:
पुढचा माणूस शिव्या घालेल.

रिकामटेकडा:
थांबा, थांबा. कॅपिटल-स्मॉल! धागाकर्ते, डिफाइनला तिसरं आर्ग्युमेंट, म्हणजे कंसातली तिसरी किंमत, 'ट्रू' दिलंय का?

उंटावरचा शहाणा:
हो, आहे. साइट आधीच्या मुलाने २०१४ साली केली होती. कॉन्फिगमध्ये नाव स्मॉलमध्ये आहे, बाकी सगळीकडे कॅपिटलमध्ये. आणि आत्ता मेल बघितला, होस्टिंगवाल्यांनी रात्री ७.४ वरून ८.२ केलंय.

रिकामटेकडा:
हे आधी सांगितलं असतंत तर! त्या 'ट्रू'मुळे कॅपिटल-स्मॉल एकच धरलं जायचं. ७.३ पासून त्यावर डेप्रिकेटेडचा (पुढे काढून टाकणार असल्याचा) इशारा यायचा, तुमच्याकडे इशारे बंद असणार. ८.० ने ती सोयच काढली. आता नुसती वॉर्निंग देऊन 'ट्रू'कडे दुर्लक्ष होतं, म्हणून कॅपिटलमधलं नाव त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आणि न सापडलेला कॉन्स्टंट पूर्वी स्ट्रिंग म्हणून खपायचा, ८ मध्ये सरळ एरर येऊन पान पडतं. डिफाइनमधलं नाव कॅपिटल करा, 'ट्रू' काढा. कुठे स्मॉलमध्ये वापरलंय का, तेही शोधा.

कोकणी मेवा:
तरी मी म्हणत होतो, डिफाइनचा दोष नाही.

जुनं खोड:
कॉन्स्टला तिसरं आर्ग्युमेंटच नसतं. एवढंच बोलतो.

उंटावरचा शहाणा:
पान उघडलं! पण पावतीवर रकमेच्या जागी कॉन्स्टंटचं नावच छापून येतंय. हेही ८.२ मुळेच का?

रिकामटेकडा:
नाही. डबल कोटात व्हेरिएबलची किंमत येते, कॉन्स्टंटची नाही, कुठल्याच व्हर्जनमध्ये नाही. कोटाबाहेर काढून डॉटने जोडा.

उंटावरचा शहाणा:
जोडलं, आली रक्कम. काउंटरवरच्या काकू म्हणतात, ते पहिल्यापासूनच तसं होतं. त्या रोज पेनाने खोडून 'रु. २' लिहायच्या.