मिथाइलफेनिडेट सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाचा ईसीजी काढायलाच हवा

रावेरची आई:
मुलगा नऊ वर्षांचा, एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, अति चंचल. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, पोरगा पळताना कधी चक्कर येऊन पडला का, एवढं विचारलं. बीपी घेतलं, स्टेथोस्कोप लावला, झालं. मला हे पटत नाही. या औषधाने नॉरअ‍ॅड्रेनलिनचा, म्हणजे शरीराला चेतवणाऱ्या रसायनाचा, जोर वाढतो. ठोका जिथून सुटतो तो सायनस नोड चेतवला जातो, हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडमधून विजेचा संदेश लवकर पुढे सरकतो. हृदयात जन्मतःच संदेशाला जादा वाट असली, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू, तर ती स्टेथोस्कोपने कशी कळणार?

धुळेकर:
ताई, सरसकट ईसीजीला माझा विरोध आहे. ठोके सरासरी मिनिटाला चार-पाचने वाढतात, नेहमीच्या मात्रेत क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणारा ईसीजीवरचा वेळ, फारसा लांबत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत हाच वाद झाला. हार्ट असोसिएशन ईसीजी रास्त म्हणाली. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं, सगळ्यांना नको, इतिहास नीट घ्या. २०११ मध्ये १२ लाख मुलं-तरुणांच्या नोंदी तपासल्या, गंभीर हृदयविकार वाढलेले दिसले नाहीत.
शिवाय मुलांचा ईसीजी वाचणारा हवा. व्ही-१ ते व्ही-३, म्हणजे छातीवरच्या पहिल्या तीन जागांच्या आलेखातली उलटी टी-लाट मुलांत नॉर्मल असते. माझ्या भाच्याच्या बाबतीत तोच आजार ठरवला. नाशिकला इको होईपर्यंत तीन आठवडे गोळी बंद, पोरगं वर्गात रोज बोलणी खायचं.

रावेरची आई:
इतिहास नीट घ्या म्हणता, पण आपल्याकडे तो खरा निघतो का? मे महिन्यात पारा ४५ ला. कुणीही कोसळलं की 'ऊन लागलं'. माझा दीर अठ्ठाविसाव्या वर्षी केळीच्या बागेत पडला, उठलाच नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सासूबाई 'नाही' म्हणाल्या. मीही गप्प बसले.

शिरपूरकर:
ताई, हाच तर इतिहास! हे डॉक्टरांना सांगा आणि गोळी सुरू करण्याआधी ईसीजी काढून घ्या. पण त्यावरून सगळ्यांवर अट घालू नका. आमच्याकडे निदानालाच महिने जातात.

धुळेकर:
अशा घरातल्या मुलाचा ईसीजी काढावाच, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. प्रश्न मात्र बदलायला हवा. 'हृदयाने गेलं का' असं नाही, 'कुणी उभ्या-उभ्या कोसळलं का' असं विचारावं.

रावेरची आई:
सासूबाईंना आज तसंच विचारलं. वैशाख होता, पण पहाटेचे पाच वाजले होते. मोटर चालू करायला गेला होता.