दृष्टिहीन वकील, दिव्यांग हक्कांच्या केसेस आणि सोबत संस्था : जमतं का?

विधी_सांगली : नमस्कार. मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पूर्ण दृष्टिहीन, अभ्यास स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर). सनद मिळाली की दिव्यांगांच्याच केसेस घ्यायच्या आणि जोडीला संस्था काढायची असा विचार आहे. घरचे म्हणतात, न्यायाधीशाच्या परीक्षेचं बघ, यात पोट भरणार नाही. हे काम करणारं कुणी असेल तर खरं सांगा.

शिवाजीनगर_वकील : मी करते, पुण्यात. मलाही कमी दिसतं.

घरच्यांचं म्हणणं मोडून काढू नकोस. ३ मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की केवळ दृष्टिहीन म्हणून कुणाला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही. मध्य प्रदेशचा तसा नियमच रद्द केला. पण त्याच वर्षी मे महिन्यात न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अटही परत आणली. म्हणजे कोर्टात उभं राहणं दोन्हीकडे आलंच.

आता पोटाचं. फक्त दिव्यांगांच्या केसेसवर घर चालत नाही, माझं मोटार अपघात दाव्यांवर चालतं. आणि खरं काम मला तिथेच सापडलं. हात-पाय गमावलेला माणूस पहिल्यांदा वकिलाकडे येतो तो भरपाईसाठी. त्याच्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसतं, नोकरीवरून काढणं बेकायदा ठरू शकतं हेही माहीत नसतं. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व साठ टक्के असेल, तर विमा कंपनी कमाईचं नुकसानही तेवढंच धरायला बघते. तिथे सुप्रीम कोर्टाचा 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' हा निकाल पाठ असायला हवा. कोर्ट त्यात म्हणतं, डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, कारकुनाची नोकरी टिकूही शकते. टक्का शरीराचा नाही, त्या माणसाच्या धंद्याचा बघायचा. सुतार साक्षीला उभा राहतो तेव्हा मी त्याला रंधा कसा धरतात तेच विचारते. दोन्ही हात लागतात हे त्याच्या तोंडून रेकॉर्डवर यायला हवं.

म्हणून आधी चांगल्या सीनियरकडे बस. भाडेकरू, पोटगी, चेक बाउन्स, सगळं कर. उलटतपासणी तिथेच शिकशील.

एस. के. रुंगटांचं काम जरूर वाच. स्वतः दृष्टिहीन, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडचे पदाधिकारी, आणि त्याच संघटनेच्या बाजूनं सुप्रीम कोर्टात सीनियर कौन्सेल. सरकारचं म्हणणं होतं, दिव्यांगांचं तीन टक्के आरक्षण त्यांच्यासाठी ठरवून दिलेल्या पदांपुरतंच मोजायचं. ८ ऑक्टोबर २०१३ ला कोर्टानं ते अमान्य केलं : केडरमधल्या (त्या संवर्गातल्या) एकूण रिक्त जागांवर मोजा. किती घरांत त्यामुळे पगार आला असेल! मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

कोकण_ट्रस्ट : मी एका छोट्या ट्रस्टचा सचिव. संस्थेची घाई करू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते, पण पुढे दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. यातच माणूस अडकतो. आधी चालू संस्थेचे कायदा सल्लागार व्हा. आम्हाला अशा वकिलाची फार गरज असते. दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित खात्यानं काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं (२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम ८१). विचारणारं कुणी नसलं की ती फाइल तशीच पडून राहते.

विधी_सांगली : मॅडम, सर, खूप आभार. एकच शंका. समोरच्या वकिलांनी स्कॅन केलेले कागद दिले तर स्क्रीन रीडर 'रिकामं पान' म्हणतो. तेव्हा काय करता?

शिवाजीनगर_वकील : ओसीआर करून घेते, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरकडून मजकुरात बदलून, पण मराठी जबाब, त्यावर शिक्का आणि हाताची सही असली की निम्मे शब्द चुकतात. म्हणून पहिल्याच तारखेला लेखी अर्ज देते : टाइप केलेली मूळ प्रत द्यावी. आधार २०१६ च्या कायद्याचा आणि 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' या २०२१ च्या निकालाचा. दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी बदल करून मिळणं हा तिचा हक्क आहे असं त्यात आहे. नकार आला तर तो रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत) लिहून घे. पंचनामा मात्र बहुतेकदा हातानं लिहिलेलाच असतो. तो ज्युनियरकडून मोठ्यानं दोनदा वाचून घ्यायचा, खाडाखोडीसकट.